गाव पळाला आणि मला टोपी मिळाली

लोकांना वाटतं, कमांडो म्हणजे ज्याला सगळं इतरांच्या आधी कळतं असा माणूस. निवृत्त होऊन आचऱ्याला घरी आलो त्याला तीन वर्षं होत आली, तरी तिठ्यावर कोणी ना कोणी विचारतोच, "दाजी, मागसून कोण येता ता तुमका न बगता कळता ना?" मी "होय, होय" म्हणतो. खरं सांगायचं तर मागून येणारी एसटीसुद्धा हॉर्न वाजवल्याशिवाय मला कळत नाही.

दिवाळी अंकासाठी संपादकांनी 'चित्तथरारक अनुभव' मागितले. चित्त पुष्कळदा थरारलं, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा ते थंडीने. आणि त्याहून जास्त वेळा मला आजूबाजूला काय चाललं आहे तेच उमगत नव्हतं. बावीस-तेवीस वर्षं फौजेत काढली, त्यातली बरीचशी लाल टोपीच्या पलटणीत, म्हणजे ज्यांना तुम्ही टीव्हीवर तोंडाला काळं फासून दोरावरून उतरताना बघता त्यांच्यात. पण मी तिथे पोचलो कसा, हे आजही मला नीट सांगता येत नाही. जे आठवतं ते लिहितो. अर्थ तुम्हाला लागला तर मला जरूर कळवा.

आधी धंद्याची ओळख. भरती झालात की प्रथम रेजिमेंटच्या सेंटरमध्ये जाता. तिथे तुमचे केस, झोप आणि 'मी' म्हणायची सवय काढून घेतात. काही महिन्यांनी कसम खाऊन पलटणीत जाता. बहुतेकांची नोकरी तिथेच होते, आणि चांगली होते. कमांडो पलटणीत मात्र कोणी तुम्हाला पाठवत नाही. आपणहून नाव द्यावं लागतं, आणि मग तीन महिने ते लोक तुम्हाला घासूनपुसून बघतात. त्याला प्रोबेशन म्हणतात. टिकलात तर टोपी, नाही तर आपल्या जुन्या पलटणीत परत.

सेंटरमधली एक गोष्ट सांगतो, म्हणजे माझा स्वभाव तुमच्या ध्यानात येईल. तिथे पोहण्याचा तलाव होता. पहिल्याच दिवशी उस्तादांनी (फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, तो गाणं शिकवत नसला तरी) विचारलं, "समुंदरवाला कौन है?" कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. आता आम्ही परब म्हणजे शेती करणारे. समुद्र घरापासून चालत पाऊण तासावर, आणि त्याच्याशी आमचा संबंध बाजारातून बांगडे आणण्यापुरता. पण उस्ताद राजस्थानचे. त्यांच्या हिशेबी आचरा म्हणजे पोरं पाण्यातच जन्मत असणार. म्हणाले, "परब, डेमो दो."

मला पोहता येत नाही, असं सांगता आलं असतं. पण एवढी सगळी पोरं बघत होती आणि सगळ्यांना खात्री होती. इतक्या लोकांची खात्री खोटी पाडणं मला उद्धटपणाचं वाटलं. उडी मारली आणि थेट तळाला गेलो. तळाला गेल्यावर काय करतात ते माहीत नसल्यामुळे पायऱ्यांचा लोखंडी दांडा धरून तिथेच बसून राहिलो. अगदीच दम संपला तेव्हा तोच दांडा धरून वर आलो. वर उस्ताद सगळ्यांना सांगत होते, "देखा? इसको बोलते हैं साँस!" चांगल्या पोहणाऱ्यांच्या यादीत माझं नाव पहिलं लागलं.

फसला नाही तो एकटा सदा. सदानंद रावराणे, वैभववाडीकडचा, घाटाच्या पायथ्याचा. भरतीच्या रांगेत माझ्या पुढेच उभा होता. अंगाने काटकुळा, पण चढणीवर असा जायचा की शेळीने बघत राहावं. तो संध्याकाळी माझ्या खाटेवर येऊन बसला.

"मेल्या, तुका पवाक येना नाय."

"नाय."

"मगे सांगलंस कशाक नाय?"

"माका कोणी इचारूकच नाय."

तो पोट धरून हसला. पण नंतर सगळ्या रविवारी, बाकीचे कपडे धूत बसलेले असताना, त्याने मला तलावाच्या उथळ कोपऱ्यात नेऊन पोहायला शिकवलं. तो गावच्या नदीच्या कोंडीत, म्हणजे डोहात, शिकलेला, त्यामुळे माझे हातपाय अजूनही कोंडीतल्यासारखेच चालतात. ही गोष्ट त्याने कधीच कोणाला सांगितली नाही. आज मीच पहिल्यांदा सांगतोय.

पलटणीत आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. दोन-तीन वर्षांनी फळ्यावर कागद लागला, कमांडोसाठी ज्यांना नाव द्यायचं त्यांनी द्यावं. सदाने दिलं. तो दहावीपासून त्याच गोष्टीवर डोळा ठेवून होता. त्याने पेन खाली ठेवलं नाही, मागे वळून माझ्या हातात दिलं, आणि मी घेतलं. माझ्या शौर्याची सुरुवात एवढीच आहे.

प्रोबेशनबद्दल बाहेर फार दंतकथा आहेत. धावणं, उपाशी ठेवणं, चिखलातून सरपटवणं, ते सगळं आहेच, आणि त्याला रगडा म्हणतात. पण माणूस मोडतो तो रगड्याने नाही. तिथे तुम्हाला काही म्हणजे काही सांगत नाहीत. गुण नाहीत, निकाल नाहीत, शाबासकी नाही, शिवीसुद्धा मोजून. पाठीवर पिठ्ठू चढवायचा आणि निघायचं. पिठ्ठू म्हणजे आपला सगळा संसार भरलेली पाठीवरची पिशवी. वर रायफल वेगळी.

"उस्ताद, कितना चलना है?"

"बस, वहाँ तक."

ते 'वहाँ' मला तीन महिन्यांत कधीच दिसलं नाही. एकदा एका झाडाशी थांबवलं, पाणी प्यायला लावलं, संपलं असं वाटून दोघं पोरं आनंदाने रडली, आणि उस्ताद म्हणाले, "चलो, अब शुरू करते हैं." सकाळी कधी कधी मैदानात एक मोठी गाडी उभी असायची. यादीतली नावं वाचायचे. ज्यांची नावं वाचली ते सामान घेऊन गाडीत. का, ते विचारायचं नाही. उत्तम धावणारे गेले, उत्तम नेमबाज गेले. मी रोज सकाळी माझं नाव येईल म्हणून बूट बांधून बसायचो. येत नव्हतं. कशामुळे येत नव्हतं तेही कळत नव्हतं. सदाला विचारलं तर म्हणायचा, "गप रव. आठवण करून दिव नको तेंका."

आम्ही दोघं जोडीदार होतो. प्रत्येकाला एक जोडीदार देतात, त्याला बडी म्हणतात. त्याच्याबरोबर खायचं, झोपायचं, चालायचं. एकच नियम तेवढा स्पष्ट होता: बडीला सोडायचं नाही.

आता आमच्या गावाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आचऱ्याला गावपळण असते. दर काही वर्षांनी देवाला कौल लावतात, आणि कौल झाला की ठरल्या दिवशी सगळा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारी, बाळंतीण, सगळी. तीन दिवस तीन रात्री शेजारच्या हद्दीत माळावर झावळ्यांच्या खोपी घालून राहायचं, मग पुन्हा कौल मिळाला की परतायचं. त्या दिवसांत गावात कोणी पाय ठेवायचा नाही. कोणी म्हणतं देवाला एकांत हवा, कोणी म्हणतं भुताखेतांना मोकळीक द्यायची, शिकलेले म्हणतात हवा शुद्ध होते. पाय ठेवला तर काय होतं, हे कोणालाच सांगता येत नाही, कारण ठेवलेला माणूस अजून सापडलेला नाही.

प्रोबेशनच्या अखेरीला एका दुपारी आम्हाला घरी फोन करायला दिला. दोन दोन मिनिटं, शेजारी उस्ताद उभे. मी काकाच्या मोबाइलवर फोन लावला. तो आईने घेतला. मागे गुरं हंबरत होती.

"बाळा, आमी माळार आसंव. कौल झालो, आजच गाव पळालो."

"माका म्हायत नाय गो."

"तुका कळवतलंय कसा? तुजो फोनच लागना नाय. बरो आसंस मा? आणि आयक. तू थय लांब आसंस म्हणान तुका सूट नाय हां. गावचो माणूस खंय पण आसलो तरी गावचोच. तीन दिवस पाय जपान टाक."

फोन ठेवला. उस्तादांनी विचारलं, "घर पे सब ठीक?"

"ठीक है, उस्ताद. गाँव भाग गया है."

"क्या?"

"पूरा गाँव, उस्ताद. मुर्गी-बकरी के साथ."

उस्तादांनी मला थेट कॅप्टनसाहेबांपुढे उभं केलं. साहेब तरुण होते, शांत, फार कमी बोलणारे. त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. "बाढ़ आई है?" नाही साहेब. "बीमारी? दंगा?" नाही साहेब. "तो?" भगवान ने बोला, साहेब, बाहर जाओ. "और वापस कब आना है?" वो बोलेगा तब, साहेब. साहेबांनी कागद पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, "अच्छा. तुम्हारे गाँव में भी प्रोबेशन चलती है." उस्ताद हसले, मीही हसलो. रात्रीपर्यंत सगळ्या तंबूंत ही गोष्ट पोचली.

दुसऱ्याच दिवशी पहाटे शेवटची चाल सुरू झाली. शेवटची आहे हे अर्थात नंतर कळलं. उत्तरेतले डोंगर, मार्गशीर्षातली थंडी, अंगावर पिठ्ठू, हातात नकाशा. प्रत्येक जोडीने स्वतःच्या वाटेने जाऊन दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत अमुक पुलावर पोचायचं. पहिला दिवस कसाबसा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचं पाणी संपलं. ओढे नकाशात होते, पण जमिनीवर नव्हते. माझी जीभ टाळ्याला चिकटून बसली होती. पूल डोंगराच्या पलीकडे, आणि मध्ये पंधरा-वीस घरांची एक वाडी. वाट वाडीच्या मधून जात होती.

वाडी रिकामी होती. मेंढपाळांची असणार, थंडीत ते खाली उतरतात. पण त्या क्षणी मला ते सुचलं नाही. मला दिसलं ते एवढंच की दारांना कड्या घातल्या आहेत, चुलीचा धूर नाही, कुत्रा भुंकत नाही, कोंबडा नाही. वाडीच्या तोंडाशी दगडांचा गुडघाभर गडगा होता, आणि तिथे माझे पाय थांबले. मी थांबवले नाहीत. थांबले.

"चल," सदा म्हणाला. "मधसून गेलंव तर अर्ध्या तासात पूल."

"मी येवचंय नाय."

"काय झाला?"

"रिकामी आसा."

"मगे? बराच झाला."

"सदा, आज तिसरो दिवस."

त्याला लगेच समजलं. तो चिडला नाही, हेच मला अजून टोचतं. नुसतं म्हणाला, "अरे, तुजो देव आचऱ्यात. हयसर तेची हद्द खंय?"

"माका म्हायत नाय. पण पाय उचलना नाय."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. मग हात पुढे केला. "तुजी बाटली दी. भितर झरो दिसता. मी भरून हाडतंय. तू भायरसून फिरान ये, पलीकडे भेटतंय."

मी बाटली दिली. बडीला सोडायचं नाही, हा एकच नियम, आणि आम्ही दोघांनी तो दोन वाक्यांत मोडला.

मी गडग्याच्या बाहेरून उतारावर चढलो. वरून वाडी दिसत होती. सदा झऱ्याशी बसला, पहिली बाटली भरली, ती माझी होती, आणि दुसरी पाण्यात धरली तेवढ्यात दबा धरून बसलेले उस्ताद त्याच्या अंगावर आले. तिघे होते. पोतं डोक्यावर, हात मागे, सगळं चार श्वासांत उरकलं. तो शेवटच्या क्षणापर्यंत माझ्या दिशेला बघत नव्हता. तेव्हा वाटलं, गडबडीत राहून गेलं असेल. आता वाटतं, मी कुठे आहे ते त्यांना कळू नये म्हणून मुद्दाम.

दोनशे पावलांवर होतो. खाली जायला हवं होतं. निदान ओरडायला हवं होतं. मी गडग्याशी आलो, हात दगडावर ठेवला आणि उभा राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. ती देवाची भीती होती? उस्तादांची? की नुसते पाय गेले होते? बावीस वर्षांत या प्रश्नाची मी इतकी उत्तरं स्वतःला दिली आहेत की त्यातलं पहिलं कोणतं, तेही आता आठवत नाही. शेवटी वळलो आणि वाडीला लांबून वळसा घालून धावत सुटलो. सूर्य असताना पुलावर पोचलो. माझ्या आधी तिथे एकही जोडी आलेली नव्हती, सगळ्या वाडीत अडकल्या होत्या.

पुलावर कॅप्टनसाहेब होते. थोड्या वेळाने वाडीतले उस्ताद आले आणि मला बघून चक्रावले. एकाने नकाशावर माझी वाट बघितली आणि मांडीवर थाप मारली. "साब, इसने सूँघ लिया! बाहर से निकल गया. और रावराणे बडी को छोड़ के अकेला घुस गया."

साहेबांनी मला विचारलं, "रावराणे को रोका था तुमने?"

उत्तर सोपं होतं. साहेब, तो माझ्यासाठी पाणी आणायला गेला होता. साहेब, मला कसलाही वास आला नाही, माझा गाव पळालाय म्हणून मी आत गेलो नाही. दोनच वाक्यं. मी मान हलवली. थकव्याने हलली, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. थकव्याने मान वरखाली हलत नाही. मला टोपी हवी होती. तीन महिने जिचं काहीच वाटत नव्हतं ती टोपी त्या क्षणी मला फार, फार हवी होती.

एक कोडं मात्र सुटलं नाही. याच साहेबांना मी दोन दिवसांपूर्वी गावपळण समजावून सांगितली होती. ते विसरले होते, की आठवत असूनही त्यांनी मला विचारून बघितलं? माझी मान हलल्यावर त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पाण्याची बाटली पुढे केली.

सकाळी मैदानात गाडी उभी होती. यादीत सदाचं नाव होतं. त्याने सामान चढवलं, मागच्या फळीला धरून उभा राहिला, आणि गाडी हलल्यावर ओरडला, "बरो रव रे, परब्या!" मी हात केला. तो दिसेनासा झाल्यावरसुद्धा माझा हात वरच होता. दोन दिवसांनी मला टोपी मिळाली. साहेबांनी डोक्यावर ठेवली, उस्तादांनी मिठी मारली. लोक म्हणतात तो क्षण आयुष्यभर पुरतो. माझं सगळं लक्ष ती डोक्यावर घट्ट बसतेय की सैल, याच्याकडे होतं.

त्यानंतर पलटणीत माझी कीर्ती झाली: परबला रिकामं गाव वासाने कळतं. 'परब की नाक' म्हणायचे. पुढे सरहद्दीवरच्या कामात कुठेही उजाड घरं लागली की तरुण अधिकारी मला पुढे बोलवायचे, "परबसाब, अंदर से या बाहर से?" मला काय कळणार? एकदा बाहेरून म्हणालो. सगळी टोळी काट्याकुट्यांतून अर्धा दिवस फिरली, आणि आत एक म्हातारं गाढव निघालं. तरी कीर्ती वाढली: परबसाब धोका पत्करत नाहीत. दुसऱ्यांदा आतून म्हणालो, कारण माझे गुडघे दुखत होते. काही झालं नाही. कीर्ती आणखी वाढली. माणसाचं नाव एकदा झालं की ते बुडवायलाही कष्ट पडतात. मात्र प्रत्येक वेळी उंबऱ्याशी मला झऱ्याशी वाकलेली पाठ दिसायची.

काम मी प्रामाणिकपणे केलं, हेही लिहून ठेवतो. टोपी कशीही मिळालेली असो, ती डोक्यावर असताना तिला कमीपणा येईल असं वागलो नाही. माझ्या जिवावर विसंबलेली माणसं घरी परत गेली. पण कोणी पाठ थोपटली की मनात यायचं, ही थाप वैभववाडीला जायला हवी होती.

सदाला पत्र लिहायचं दर वर्षी ठरवायचो. तो जुन्या पलटणीत हवालदार होऊन निवृत्त झाला, काजूची बाग करतोय, मुलगी नर्स झाली, हे सगळं इकडून तिकडून कळायचं. एकदा सुट्टी संपवून परत निघताना कोकण रेल्वेच्या नांदगाव स्टेशनात तो दिसला, पलीकडच्या बाकावर. मी चटकन वर्तमानपत्र उघडलं आणि गाडी येईपर्यंत मिटलं नाही. कमांडोचं धाडस हे असं.

मागच्या गावपळणीला मी कितीतरी वर्षांनी गावात होतो. माळावर खोप घातली होती, बायको भाकऱ्या थापत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर खोपींच्या रांगेतून सदा विचारत विचारत येतोय. केस पांढरे, चाल तीच. हातात काजूची पिशवी.

"म्हटलंय, तुजो तो पळालेलो गाव एकदा बगूया तरी," म्हणाला आणि चटईवर बसला.

चहा झाला. पोरांची चौकशी झाली, काजूवरच्या किडीची झाली. मग मला राहवलं नाही. "सदा, त्या दिवशी माका नाकाबिकान काय एक कळला नाय. माका फक्त पाय टाकूक जमला नाय. मगे साहेबान इचारल्यान तेवा मी खरा बोललंय नाय. तू माझ्यासाठी पाणी भरूक गेलेलंस. तुजी टोपी माझ्यामुळे गेली."

बाहेर कोणाचीतरी कोंबडी सुटली होती आणि तिच्यामागे अर्धी वाडी धावत होती.

"तुका खरा होया काय बरा होया?" त्याने विचारलं.

"खरा."

"मगे आयक. पाण्यार पोचूच्या आधीच माका दारामागे बूट दिसलो. उस्तादाचो. काळो, पॉलिश केल्लो. थयसूनच मागे फिरलंय आसतंय तर सुटलंय आसतंय. पण माका कंटाळो इलेलो रे. घराक जावचा होता, आणि आपणहून सांगूक लाज वाटली. म्हटलंय, धरतत तर धरूंदेत. तुजो काय एक संबंध नाय. उगीच ताप करून घेतलंस इतकी वर्षा."

मी काय सांगू, पाठीवरचा पिठ्ठू उतरावा तसं झालं. त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली, आणखी चहा मागितला, बायकोशी तिच्या माहेराबद्दल बोलला. संध्याकाळच्या एसटीने जायला निघाला. मी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेलो, आणि चालता चालता मला ते आठवलं.

मी पुढे त्याच वाडीत उस्ताद म्हणून तीन हिवाळे बसलो आहे. तिथल्या घरांत थंडीत उंबऱ्यापर्यंत गवत कोंबलेलं असतं, दारामागे मांजरसुद्धा उभं राहू शकत नाही. आम्ही बसायचो ते छपरावर. आणि दबा धरून बसलेला कोणताही उस्ताद बूट पॉलिश करून येत नाही. आम्ही त्यांना गोणपाट बांधायचो. कदाचित आमच्या वर्षी गवत भरलेलं नसेल. कदाचित तेव्हाचे उस्ताद निराळे असतील. तहानेने अर्धमेला होऊन लांबून बघितलेलं सगळं मी तरी कशाच्या जोरावर खरं धरू? पण दहावीपासून टोपीवर डोळा ठेवलेला माणूस शेवटच्या दुपारी कंटाळला, हे कितीही जुळवलं तरी मला जुळत नाही.

एसटी आली. सदा पायरीवर चढला, वळला आणि म्हणाला, "आता बरा वाटता मा?"

मी खरं मागितलं होतं. विचारायला एसटी थांबली होती तेवढा वेळ होता.

"होय," मी म्हणालो.